भोपाळ: मावशी, भिंगरी आणि दुकानाचं काचेचं दार

फेब्रुवारीत दुकानाची फरशी बदलायला काढली आणि गवंडी म्हणाला, "ताई, पाच दिवस इकडे पाय टाकायचा नाही." अठरा वर्षं नागपुरात चिवडा-लाडू-फरसाण विकतेय, पण सलग पाच दिवसांची सुट्टी आजवर कुणी दिली नव्हती. नवरा म्हणाला, गोव्याला जाऊ. मी म्हटलं, तू जा, मी भोपाळला जाते. शालूमावशीला बघून दोन वर्षं झाली होती आणि आई गेल्यापासून माहेरचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलंय.

मावशी स्वतः कुठे येत नाही, हे घरातलं जुनं गाऱ्हाणं. काका गेले तेव्हापासून ती अवधपुरीतल्या घरात एकटी. मुलगा प्रसाद पुण्याला, तो बोलावून बोलावून दमला. नात्यातल्या लग्नांनाही मावशी आली नाही. कारण दर वेळी एकच: "भिंगरीला कुठे ठेवू?" भिंगरी म्हणजे तिची कुत्री. मावशीला माणसांपेक्षा कुत्रं प्यारं झालंय, असं घरात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायची.

या ब्लॉगवर मी रस्ते, खाणं आणि स्वच्छतागृहं यांबद्दल लिहिते, तेही लिहीनच. पण ही पोस्ट दोन महिने अडून राहिली होती. या प्रवासात मी एक काम मोठ्या हौसेने करून आले आणि त्या कामामुळे मावशीचं घर सुटलं. ते आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिला दिवस: नागपूर ते अवधपुरी

सकाळी सहाला निघाले. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदापुरम, मंडीदीप असा सरळ रस्ता, साधारण साडेतीनशे किलोमीटर. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, नाके बरेच आहेत. रस्ता बहुतेक चौपदरी आणि छान. बैतूल सोडल्यावर जंगलाचा पट्टा लागतो, तिथे मात्र काही ठिकाणी ट्रकच्या मागे मुकाट्याने चालायचं. ओव्हरटेकची घाई केली तर घाट आपली जागा दाखवतो. बायकांसाठी सूचना: बैतूलच्या अलीकडच्या मोठ्या पेट्रोल पंपांवर सोय बरी आहे, पुढे जंगलात तासभर काही नाही.

मुलताईला पोहे खाल्ले. आपल्या पोह्यांहून वेगळे, वाफवलेले, किंचित गोडसर, वर शेव, कांदा आणि जिरावण नावाचा तिकडचा आंबटसर मसाला. सोबत जिलबी. पंचवीस-तीस रुपयांत पोट भरतं. पोहेवाल्याच्या गाडीखाली दोन कुत्री झोपली होती, त्याने पहिला घाणा उतरवला की त्यांना कागदावर थोडे घातले. माझ्या कपाळाला आठी पडली, पण पोहे संपवले.

तीनच्या सुमाराला अवधपुरीत पोचले. जवळच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांनी बांधलेली बैठी घरं, मधूनमधून आता उभ्या राहिलेल्या इमारती, दारोदार पेरूची झाडं. मावशी फाटकात उभी होती. चौऱ्याहत्तर वय, कडक इस्त्रीची सुती साडी, पाठ अजून ताठ. डाव्या पायाला चिकटून भिंगरी. तपकिरी रंग, एक कान पडलेला, रस्त्यावरचीच जात. काकांनी नाल्यातून काढून आणलेलं पिल्लू होतं, स्वतःभोवती गोल गोल फिरायचं म्हणून हे नाव.

मावशीने माझ्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं. "बारीक झालीस गं ज्योती. लाडू विकते आणि खात नाही का?"

मी हसले. पाया पडले, बॅग आत नेली, स्टूल ओढून बसले. मावशी लगेच म्हणाली, "बेटा, उठशील तेव्हा ते स्टूल जिथलं तिथे ठेवून देशील." घर असं की डोळे मिटून चालावं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, चपला एका रेषेत, स्वयंपाकघरात डब्यांची रांग. गणिताची मास्तरीण होती, सरकारी शाळेत तीस वर्षं पाढे घोकून घेतलेले. शिस्तीचं मला नवल वाटलं नाही.

पाचला तिने थैली घेतली. "चल, दिनेशकडे जाऊन बघते आज. तू सोबत आहेस तर."

दिनेश तिचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, लाकडी फळीचं, मागे पोती. मावशी फळीपाशी उभी राहायची, भिंगरी तिच्या पायाशी, आणि सामान पुढ्यात यायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं. गेल्या दिवाळीच्या आधी दिनेशने दुकान वाढवलं. आता काचेचं दार, आत अरुंद रांगा, हातात टोपली घेऊन फिरायचं, डोक्यावर पांढरे दिवे. दारावर पाटी होती: 'पालतू जानवर अंदर न लाएँ.'

आम्हाला बघून दिनेश बाहेर आला. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, पण मावशीच्या पाया पडून खाली मान घालून उभा राहिला.

"मैडम, आइए ना अंदर. बस भिंगरी को यहीं बाँध देते हैं."

"ये कुछ करती है क्या?"

"कुछ नहीं करती, मैं जानता हूँ. मगर एक को आने दूँ तो सबको आने देना पड़ेगा. एक साहब का कुत्ता आटे की बोरी पर पाँव उठा गया, अब क्या बताऊँ आपको. और एक बच्ची इतना डरी कि उसकी माँ ने आना ही छोड़ दिया."

"तो मैं भी बाहर ठीक हूँ."

"आप लिस्ट दे दीजिए मैडम, घर भिजवा दूँगा."

"मुझे अपना सामान देखकर लेना अच्छा लगता है, दिनेश."

मला दिनेशचं पटत होतं. मी मावशीला म्हटलं, "त्याचं काही चूक नाही. माझ्या दुकानातपण हीच पाटी आहे. मी हिला धरून उभी राहते, तू जा आत."

मावशीने दाराकडे तोंड केलं. मग वळली. "राहू दे. आज काही अर्जंट नाही."

परतताना मी तिला चांगलं सुनावलं. उघड्या परातीत लाडू असतात, त्यात केस गेला तर गिऱ्हाईक माझं नाव टाकेल, कुत्र्याचं नाही. कुणाला भीती वाटते, कुणाला शिंका येतात, कुणाच्या सोवळ्यात बसत नाही. ज्याला हौस आहे त्याने ती घरी करावी. मावशी ऐकत होती. नाक्यावर भिंगरी डावीकडे वळली, तशी तीही वळली आणि म्हणाली, "तुझ्या गल्ल्यावर दत्ताचा फोटो आहे ना? त्यातली चार कुत्री बरी आत चालतात तुला."

"त्यांचे केस गळत नाहीत," मी म्हटलं. मावशी हसली. मला वाटलं, विषय संपला.

दुसरा दिवस: तलाव आणि एक मोठं कॅफे

सकाळी बडा तलाव. कडेने चालायला सुंदर रस्ता आहे, सूर्य वर यायच्या आत गेलात तर गर्दी नाही, पाणी समुद्राएवढं पसरलेलं दिसतं. वन विहारात जायचं असेल तर कुत्रं घरी ठेवा, आत जंगली जनावरं आहेत. मावशीने जायचं नाव काढलं नाही, आम्ही तिघी कठड्याशी बसलो. "सांग ना, आज पाणी कसं दिसतंय?" ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या समोरच तर आहे. "तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू लिहितेस ना प्रवासाचं." मला बरं वाटलं. मी वर्णन केलं, बगळे, होड्या, पलीकडच्या टेकडीवरचं धुकं. तिने दोनदा चुका काढल्या, टेकडीचं नाव चुकलं म्हणून.

दुपारी जुन्या शहरात सुलेमानी चहा प्यायलो. चिमूटभर मीठ घातलेला असतो. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्याला चटक लागते. चहावाल्याला भिंगरीचं काही नव्हतं. त्याचं दुकान म्हणजे फूटपाथ, तिथे कोण कोणाला अडवणार?

संध्याकाळी मी जरा मोठेपणा करायला गेले. शाहपुऱ्याच्या तळ्याजवळ एक कॅफे आहे, पाळीव प्राण्यांना मुभा असलेलं, नेटवर फोटो बघून ठेवले होते. खाली कॅफे, वर गच्चीत पब, तिथेही कुत्र्यांना नेता येतं म्हणे. मावशीला म्हटलं, बघ, जिथे बोलावतात तिथे जायचं, जिथे नको म्हणतात तिथे हट्ट कशाला? दारात लसीचं कार्ड मागितलं, मावशीच्या पर्समध्ये ते नीट घडी घालून होतं. आत कुत्र्यांसाठी वेगळा मेनू. शेजारच्या टेबलावर एका पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्याला वाटीत उकडलेलं चिकन आलं, दोनशे रुपयांहून जास्त किंमत होती.

त्या कुत्र्याच्या मालकिणीने भिंगरीकडे बघितलं आणि वेटरला हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हटलं, "ये तो सड़क वाला है ना? इनको टिक्स होते हैं. प्लीज थोड़ा दूर बिठा दीजिए."

गोचिडींचं ऐकून वेटर ओशाळला. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं. टेबलांमधून जाताना मावशीचा एक हात भिंगरीच्या पाठीवर होता आणि ती फार सावकाश चालत होती. मला वाटलं, अपमान झालाय. बसल्यावर तिने मेनू माझ्याकडे सरकवला. "तू वाच. माझा चष्मा घरी राहिला."

"बघितलंस?" मी म्हटलं. "इथे कुत्र्यांमध्येपण जातपात आहे."

"असू दे," मावशी म्हणाली. "आत तर येऊ दिलं."

कॉफी ठीक होती, सँडविच महाग आणि गार. पब कसा होता ते विचारू नका, वर गेलो नाही.

तिसरा दिवस: भोजपूर, आणि दुपार

भोजपूर अवधपुरीहून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. अर्धवट राहिलेलं प्रचंड शिवमंदिर, आत माणसाच्या कितीतरी वर जाणारी पिंड. बाहेरच्या खडकांवर त्या काळच्या कारागिरांनी कोरलेले मंदिराचे नकाशे आहेत, ते बघितल्याशिवाय परत येऊ नका. बहुतेक लोक पिंडीचा फोटो काढून निघून जातात. सकाळी जा, दुपारी दगड तापतो.

मावशी वर आली नाही. "शाळेच्या सहली घेऊन वीसदा आलेय मी. तू जाऊन ये." ती पायऱ्यांखाली भिंगरीला घेऊन बसली. मी तासाभराने उतरले तेव्हा ती तिथेच, त्याच जागी, हातात पट्टा धरून होती. माझी चिडचिड झाली. कुत्री नसती तर ही वर आली असती, असं मनात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "या भिंगरीपायी तू सगळं सोडलंस मावशी. लग्नं सोडलीस, माणसं सोडलीस, आता देवही सोडला." मावशी भिंगरीला घेऊन गाडीकडे चालू लागली. गाडीत बसताना तिने आधी दाराची कड चाचपली. ते मी बघितलं आणि विसरले.

घरी आल्यावर जेवून मावशी आडवी झाली. मला दुपारी झोप येत नाही. बोललेलंही खटकत होतं. म्हटलं, काहीतरी मदत करावी. आपल्याकडे पाहुणी आलेली भाची काय करते? स्वयंपाकघर आवरते. मी फळीवरचे सगळे डबे काढले, धुतले, पुसले, फळीला नवा कागद घातला. काही डबे तेलकट होते, झाकणांच्या जोड्या बदललेल्या. मग दुकानात लावते तसे लावले: उंच मागे, बुटके पुढे, डाळी एकीकडे, पीठं एकीकडे. स्वतःवरच खूश होऊन बाहेर पेरूच्या झाडाखाली जाऊन बसले.

चार वाजता आत आले तर मावशी ओट्याशी उभी होती. तिने मला बघितलं नाही, मी दारात होते, तिच्या बाजूला. तिने फळीवर हात नेला, डबा उचलला, उघडला, आत बोटं घातली, नाकाशी नेली. झाकण लावलं. दुसरा डबा. बोटं, नाक, झाकण. तिसरा. ती अजिबात घाई करत नव्हती. आठव्या का नवव्या डब्यात तिला चहा सापडला. मग ती पुन्हा पहिल्या डब्यापासून साखर शोधायला लागली. भिंगरी तिच्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होती.

माझ्या तोंडून निघालं, "मावशी, तुला दिसत नाही?"

तिचा हात थांबला. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. खुर्ची जागेवर होती.

"समोरचं थोडंसं दिसतं," ती म्हणाली. "चांगला उजेड असला, तू अगदी पुढे आलीस, तर तुझं तोंड दिसतं. बाजूचं सगळं गेलं. काचबिंदू आहे. औषध घालते, पण गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर."

"किती दिवस?"

"काका होते तेव्हा सुरू झालं होतं. त्यांना माहीत होतं. तेच मला सांगायचे, इथे पायरी आहे, इथे खड्डा. मग ते गेले." तिने खाली हात सोडला, भिंगरीने डोकं वर केलं. "हिला कुणी शिकवलं नाही. पण माझ्या सगळ्या वाटा हिला पाठ आहेत. ही वळली की मी वळते. ही थांबली की मी थांबते. कॉलनीत कुणाला समजलं नाही आजवर."

दिनेशच्या नव्या दुकानात ती एकदा एकटी गेली होती, भिंगरीला बाहेर बांधून. लोणच्याच्या बरण्यांना कोपर लागलं, चार बरण्या फुटल्या. चप्पल घसरली, असं तिने सांगितलं आणि बरण्यांचे पैसे दिले. त्यानंतर ती आत गेलीच नव्हती. दारावर येणाऱ्या गाडीवरून मिळेल त्यावर तीन महिने चालवत होती. त्या दिवशी भिंगरीला बाहेर ठेवून माझ्यासोबत आत गेली असती, तर माझा हात धरावा लागला असता आणि मला कळलं असतं.

मला रडू आलं. भोजपूरच्या पायऱ्यांवर बोललेलं आठवून तर जास्तच. मी म्हटलं, "प्रसादला का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्या दिवशी घेऊन जाईल तो मला. चांगला मुलगा आहे, म्हणून तर भीती वाटते. ज्योती, इथे मी शालिनी मैडम आहे. घरापासून दुधाच्या बूथपर्यंत, मंदिरापर्यंत, दिनेशपर्यंत मी एकटी जाते. पुण्याला मी कोण? प्रसादची आंधळी आई. तू त्याला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. मग आम्ही दोघींनी मिळून डबे पुन्हा जुन्या जागी लावले. ती सांगत गेली, मी ठेवत गेले. चहाला सहा वाजले.

चौथा दिवस: मी केलेलं काम

सकाळी मावशी अंघोळीला गेली, तेव्हा मी दिनेशकडे गेले. रात्रभर विचार केला होता आणि मला माझं डोकं फार चाललं असं वाटत होतं. प्रसादला न सांगण्याची शपथ होती, दिनेशला न सांगण्याची नव्हती. अशी पळवाट काढणाऱ्या गिऱ्हाइकांना मी दुकानात उभं करत नाही. पण त्या सकाळी मला ती पळवाट वाटली नाही, मार्ग वाटला. एक दुकानदार दुसऱ्या दुकानदाराशी बोलेल, दार उघडेल, मावशी पुन्हा आपलं सामान आपण आणेल. मी म्हटलं, "भाईसाहब, बोर्ड आपका सही है, मेरी दुकान में भी यही है. बस इस एक भिंगरी को छूट दे दीजिए." आणि कारण सांगितलं.

दिनेशचे डोळे भरले. "मैडम को दिखता नहीं? और मैंने उनको दरवाज़े से लौटा दिया? बताना था ना! आज से भिंगरी जहाँ चाहे आए-जाए."

दहा वाजता मी मावशीला म्हटलं, चल, दिनेशने परवानगी दिलीय. "कशी काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुकानदाराची भाषा दुकानदाराला कळते. ती खूश झाली. साडी बदलली, यादी तोंडपाठ म्हणून बघितली. रस्त्यात भिंगरीच्या मागे तिची पावलं भराभर पडत होती.

काचेचं दार दिनेशने स्वतः धरून ठेवलं होतं. भिंगरी आत गेली, मावशी तिच्या मागे. दोन पावलं झाली असतील, दिनेश पुढे धावला आणि त्याने मावशीचा दंड धरला. "सँभल के मैडम, इधर टोकरी है. आप इधर बैठिए." गल्ल्याजवळ एक स्टूल आणून ठेवलं होतं, वर उशी. "आप बस बोलिए, सब यहीं आ जाएगा. आपको चलने की क्या ज़रूरत."

मावशी बसली. पर्सवर दोन्ही हात ठेवले. कामाच्या मुली रांगांमधून डोकावून बघायला लागल्या. एक गिऱ्हाईक बाई दुसरीला म्हणाली, "बेचारी. अकेली रहती हैं ना?" दुसरी म्हणाली, "हाय राम, और किसी को पता ही नहीं." सगळे चांगलेच बोलत होते. भिंगरीला एका मुलीने बिस्कीट दिलं. तिने ते खाल्लं नाही, ती दाराकडे तोंड करून उभी होती, कारण मावशी बसली म्हणजे काय करायचं हे तिला इथे ठाऊक नव्हतं.

"दिनेश," मावशी म्हणाली, शाळेतल्या आवाजात. "सत्रह अट्ठे?"

दिनेश गडबडला. "जी... एक सौ छत्तीस, मैडम."

"ठीक." मग तिने यादी सांगितली, एकही वस्तू न चुकता.

पिशव्या मी उचलल्या. घरापर्यंत ती भिंगरीच्या मागे सावकाश चालली. फाटक उघडताना म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?"

मी पिशव्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. अकराला मी निघाले. तिने वाटेसाठी दशम्या बांधल्या होत्या. परतीचा रस्ता तोच, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अंधार पडायच्या आत नागपुरात पोचले.

घरी

दिनेशकडे प्रसादचा नंबर होता, कारण दिवाळीला प्रसाद पुण्याहून आईसाठी सामान पाठवायला सांगायचा. मी निघाले त्याच संध्याकाळी दिनेशने त्याला फोन केला. त्याची चूक म्हणू शकत नाही. आपल्या बाईंना दिसत नाही आणि त्या एकट्या राहतात, हे कळल्यावर मीही तेच केलं असतं. प्रसाद दोन दिवसांत भोपाळला आला, दहाव्या दिवशी मावशी पुण्यात होती. भिंगरीसाठी त्याने रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा दोघांचा आख्खा बंद कूपे घेतला, कारण तसं केलं तरच कुत्र्याला सोबत डब्यात नेता येतं, नाहीतर सामानाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. खरोखर चांगला मुलगा आहे.

कुत्र्यांना दुकानांत येऊ द्यावं की नाही, यावर माझं मत विचाराल, तर माझी पाटी अजून आहे. उघडं खाणं विकते, ती काढणार नाही. पण आता कुणी कुत्रं घेऊन पायरीशी थांबलं, तर मी बाहेर जाते आणि काय हवं ते विचारते. आत का येता येत नाही, तेही विचारते. बहुतेकांचं कारण साधंच असतं, कुत्रं घरी एकटं राहत नाही, एवढंच. एक आजोबा मात्र काही न सांगता नुसते उभे राहिले, तेव्हा मीही पुढे विचारलं नाही. पाटी लावणाऱ्याचं चुकत नाही. पाटीजवळून परत फिरणाऱ्याचंही चुकत नसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळल्यावरही मी त्याचं मातेरं केलं.

मावशीला मी दर रविवारी फोन करते. पहिल्या दोन रविवारी ती जेमतेम बोलली. तिसऱ्या रविवारी मी माफी मागितली. ती म्हणाली, "वाईट केलंस असं नाही म्हणत मी. माझ्या भल्याचंच केलंस. सगळे भल्याचंच करतात गं." मग हवा कशी आहे वगैरे बोलणं झालं.

काल विचारलं, भिंगरी रुळली का?

"हो, तिचं मस्त चाललंय," मावशी म्हणाली. "प्रसाद फिरवतो तिला सकाळ-संध्याकाळ. इथे जवळ मोठा मॉल आहे, तिथे कुत्र्यांना आत येऊ देतात, पाटीच लावलीय म्हणे तशी. काल सगळे जाऊन आले. सगळी दुकानं फिरली भिंगरी."

"आणि तू?"

"मी घरीच होते."